गयासभाईंची बंदूक आणि सात खणांचं मशीन

शेंदूरजनाघाटच्या गयासुद्दीनभाईंकडे दोन वस्तू अशा होत्या, की ज्यांच्यापायी त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागे. एक म्हणजे त्यांच्या वडिलांची एकनळी बंदूक. दुसरं, सीडीच्या नकला काढायचं मशीन. बंदुकीनं माणूस मरू शकतो. मशीनच्या सात खणांतून फार तर सात सीड्या बाहेर येतात. या दोहोंपैकी कायद्याला धास्ती कशाची वाटली, ते मी त्यांची वकील म्हणून जवळून पाहिलं. आजही आठवलं की डोकं तापतं.

मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टात नवीन होते. गयासभाई पन्नाशीचे. सडपातळ, डोळ्यांवर जाड चष्मा आणि बोलण्यात कायमचा वैताग. वीज गेली तरी वैताग, आली तरी वैताग, कारण आली की दुरुस्तीला आलेले सगळे टीव्ही एकदम बोंबलायला लागत. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. टीव्ही, टेप, मिक्सर दुरुस्त करायचे आणि लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या काढून द्यायच्या. घरची संत्र्याची थोडी बाग सातपुड्याच्या पायथ्याशी. रात्री रानडुकरं येऊन ओलिताचे दांड उकरत, रोही म्हणजे नीलगाई कोवळे शेंडे ओरबाडून खात. म्हणून वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणाचा परवाना आणि ती बंदूक. गयासभाई वर्षातून दोनतीनदा हवेत बार काढत. रोही चार पावलं सरकून परत चरायला लागत. "त्याईलेबी माह्या बंदुकीचा अंदाज आला हाये," ते म्हणत.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. संत्र्यावर कोळशी आली, म्हणजे पानांवर काजळीसारखा काळा थर. बोअर खोल खोल जाऊन कोरडे निघत. मृगाचा बहार फुटेना. दिल्ली-मुंबईचे साहेब पाहणीला येत, गाडीतून उतरत, फोटो काढून घेत आणि जात. या सगळ्यावर बोलायची हिंमत गावात एकाच माणसाला होती, पुंजारामबुवांना.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, की एखादा ठसकेबाज माणूस पुढं होतो आणि झडत्या म्हणतो. दोनचार ओळींत कुणाची ना कुणाची हजेरी घेतो. पुंजारामबुवा त्यातले वस्ताद. जुन्या झडत्या त्यांना येतच, पण दरवर्षी स्वतःच्या नव्या रचून आणत.

*पानापानाले कोळशी, बाग झाली काळीशी,*
*साहेब आला पाहाले, चष्मा राह्यला खिशी.*

शेवटच्या शब्दाआधी बुवा थांबत, मांडीवर थाप मारत, आणि मग तो शब्द सोडत. सगळा पोळा हसून लोळे. गयासभाई दरवर्षी तोरणाच्या खांबाला माइक बांधून हे टेप करून ठेवत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आवाज वाया जाऊ नये, एवढंच.

मग बुवांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यानंतर लोक गयासभाईंकडं येऊ लागले, "बुवाची सीडी भेटन का?" म्हणत. गयासभाईंनी जुन्या कॅसेटींवरून सीडी तयार केली. कोऱ्या सीडीपुरते पैसे घ्यायचे आणि द्यायची. कामाची गर्दी वाढली म्हणून नागपूरहून ते सात खणांचं मशीन आणलं.

२००९चा पोळा तोंडावर आला होता. तालुक्यात एका मुंबईच्या कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन सीडीच्या दुकानांवर फिरत होता. नव्या सिनेमांच्या चोरट्या नकला पकडणं हे त्यांचं काम, आणि ते काम खोटं नव्हतं. बाजारात तसा माल होताच. गयासभाईंच्या दुकानात मात्र त्यांना एकही सिनेमा सापडला नाही. लग्नं सापडली, एक बारसं सापडलं, आणि मशीनच्या सातही खणांत पुंजारामबुवा.

"हे मशीन कायले लागते तुमाले?" जमादारानं विचारलं.

"नकला काढाले."

"बस. कबूल झाला!" कंपनीचा माणूस म्हणाला.

मला हे सांगताना गयासभाई खुर्चीवर बसायला तयार नव्हते. "ताई, नकला काढाच्या मशीननं नकला काढतो म्हणलं, तं मी कबूल झालो! मंग काय म्हणू? त्याच्यात पोळ्या भाजतो म्हणू?"

पंचनामा झाला. एक काळं यंत्र, सात खणांचं. सीड्या, आत काय आहे ते नंतर पाहून सांगू अशा. सगळं ठाण्याच्या मालखान्यात गेलं. निघता निघता जमादारानं आठवण करून दिली, "भाई, विधानसभा लागून राहिली. बंदूक जमा कराले या."

तर गयासभाई बंदूक घेऊन त्याच ठाण्यात गेले. तिथं त्यांना खुर्ची मिळाली. कारकुनानं नळीत डोकावून पाहिलं, नंबर ताडला, शिक्का मारून पोच दिली, बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि ती लोखंडी कपाटात उभी केली. पलीकडच्या खोलीत, दाराआडून दिसत होतं, त्यांचं मशीन जप्त केलेल्या दारूच्या डब्यांखाली आडवं पडलेलं.

"साहेब, त्याच्यावर डबे ठेवू नका," गयासभाई म्हणाले.

"तो मुद्देमाल हाये. त्याच्याबद्दल कोर्टात बोला."

घरी गेल्यावर इफ्फतभाभी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "बंदूक जमा करके आए, अब खुद को भी जमा करा दो. कम से कम खुर्ची तो मिलती वहाँ."

निवडणूक झाली, निकाल लागला आणि बंदूक परत आली. पुसलेली होती. मशीन आलं नाही. मी कोर्टात सुपुर्दनाम्याचा अर्ज टाकला होता, म्हणजे खटला चालेपर्यंत वस्तू मालकाच्या ताब्यात द्यावी असा. तारीख पडायची. कधी तपास अधिकारी बंदोबस्तावर, कधी कंपनीचा वकील मुंबईत, कधी फाईल वरती. गयासभाई दर तारखेला येत, बाकावर बसत आणि पुढची तारीख घेऊन जात. शेवटी एकदा ते म्हणाले, "ताई, बंदुकीचा परवाना असते म्हणून बंदूक परत येते. मंग मशीनचा परवाना कोठी भेटते?"

मी म्हणाले, "तसा परवाना नसतो, गयासभाई."

"काहून नसते?"

मी फाईल बांधायला घेतली. ते बंदुकीच्या नूतनीकरणाला अमरावतीला जाणार होते, तिथंच विचारतो म्हणाले. मला वाटलं, बोलण्यात बोललेत. पण ते खरंच गेले आणि परवान्याच्या खिडकीवर उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, बंदुकीचा अर्ज आहे, फटाक्यांचा आहे, तमाशाच्या तंबूचा आहे. सीडीचा नाही. गयासभाईंनी मग बंदुकीचाच आणखी एक कोरा अर्ज घेतला, 'शस्त्र' हा शब्द खोडला, वर 'मशीन' लिहिलं आणि आत सरकवला. बाई कंटाळलेल्या होत्या. त्यांनी आवक क्रमांक टाकला.

क्रमांक पडला की कागद चालायला लागतो. काही आठवड्यांनी चौकशीला एक हवालदार गयासभाईंच्या घरी आला. मी त्या दिवशी एका प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायला तिथं होते, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. हवालदार खाटेवर बसला, चहा घेतला आणि छापील प्रश्न वाचू लागला.

"मशीन कोणत्या कारणासाठी पायजे? आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण की खेळ?"

गयासभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला.

"पीकसंरक्षण लिवा," ते म्हणाले.

"मशीन घरात कोठी ठेवता? लेकराबाळाचा हात पोचते काय?"

"सध्या तुमच्याच ठाण्यात हाये. तिथं कोणाचा हात पोचते, मले ठाऊक नाई."

"शेजाऱ्यासंग भांडण?"

"नाई."

"मशीनचा धाक दाखवून कोणाले धमकी देल्ली काय?"

"साहेब," गयासभाई उठून उभे राहिले, "एक सांगा. बंदुकीच्या वेळी तुमी हेच इचारलं. माणूस कसा हाये, डोकं ठिकाणावर हाये काय, भांडखोर हाये काय. सारं माह्याबद्दल इचारलं. बंदुकीबद्दल काईच नाई. बराबर हाये थे. पण मशीन नेलं तवा माह्याबद्दल कोणीच काई इचारलं नाई. मशीनले पकडून नेलं. माणूस काहून नाई पाह्यला कोणी?"

हवालदारानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं शेरा लिहिला, अर्जदार रागीट स्वभावाचा. अर्ज नामंजूर झाला. मशीनचा परवाना नसतो म्हणून नव्हे, स्वभाव पाहता देणं योग्य नाही म्हणून. त्या कागदाकडं पाहून मला हसावं की रडावं कळेना.

उन्हाळ्यात अमरावतीला एका सभागृहात चर्चा ठेवली होती. नकलांबद्दलचा कायदा बदलायचा मसुदा दिल्लीत आल्याचं पेपरात येत होतं. त्यात नेमकं काय, ते आमच्याकडं कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे, सीडीला आतून कुलूप असणार आणि ते उघडलं तर तुरुंग. कुणी म्हणे, कुलूप उघडायची हत्यारं बाळगली तरी तुरुंग. मी गयासभाईंना घेऊन गेले. रुख्मिणीही आली. ती पुंजारामबुवांची सून, सासऱ्यांची औषधं आणायला अमरावतीला आली होती आणि परतीच्या बसला वेळ होता.

पाहुणे वक्ते करमणुकीच्या धंद्यातले होते. बोलणं सफाईदार. ते म्हणाले, "नकलेचं यंत्र घराघरांत जाणं म्हणजे बंदूक घराघरांत जाणं. बंदुकीवर सरकार नियंत्रण ठेवतं ना? मग या यंत्रांवर का नको? आम्ही तेवढंच मागतो आहोत."

टाळ्या पडायच्या आत गयासभाई उभे राहिले. मी त्यांचा सदरा ओढला, पण उपयोग झाला नाही.

"साहेब, माह्याजवळ दोन्ही हायेत. बंदूकबी आन मशीनबी. म्हणून सांगतो. बंदुकीवर नियंत्रण हाये, खरं हाये. मी तीन वर्षांनी अर्ज करतो, इलेक्शनले जमा करतो, गोळ्यांचा हिशेब देतो. वैताग येते, पण समजते. पण माह्या बंदुकीच्या नळीत सरकारनं कुलूप नाई बसवलं. उद्या तुमी म्हणान, बंदूक अशी बनवा की थे पयले तालुक्याले इचारन, मंग उडन. तवरिक डुक्कर बाग खाऊन जाईन! बंदुकीनं मी कोणाले मारलं तं माह्यावर केस करा. माह्या बंदुकीसारखी बंदूक कोणी कोठी चालवली, म्हणून माही जप्त करत नाई. मशीनचं तुमी उलटं करून राह्यले. तुमाले बंदुकीसारखं नियंत्रण पायजे असन तं बंदुकीसारखंच करा. त्याच्याहून जास्त काहून?"

सभागृहात हशा झाला, मागून कुणी शिट्टीही वाजवली. वक्ते रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "काका, बंदुकीनं माणूस मरतो हे दिसतं. नकलेनं गाणारा मरतो, ते दिसत नाही. एवढाच फरक आहे." गयासभाई खाली बसले.

परतताना बसमध्ये ते जोरात होते. मोर्शी येईपर्यंत सगळं भाषण त्यांनी आम्हाला पुन्हा ऐकवलं. रुख्मिणी खिडकीकडं तोंड करून बसली होती. शेवटी ती वळली.

"गयासभाऊ, एक इचारू? राग येऊ देऊ नका."

"इचार ना, बेटा."

"तुमी बंदुकीचं बोलले, बराबर बोलले. पण थो माणूस शेवटी जे बोलला, त्याचं काय? बुवाच्या सीड्या तुमी काढल्या. तुमच्यावरून कोणी काढल्या, त्याच्यावरून कोणी. माह्या भावानं अकोल्याहून एक आणली. त्याच्यावर भलत्याचंच नाव हाये. बुवा घरात खाटेवर पडून हायेत, आन त्याईचा आवाज दुसऱ्याच्या नावानं बाजारात फिरून राह्यला. तुमचं मशीन गेलं तं तुमी येवढे चिडले. बुवाचं काय गेलं, त्याचा हिशेब कोण करन?"

बस वरुडला लागली. उतरताना गयासभाई म्हणाले, "मले सांगतलं नाई कोणी."

"आता सांगतलं," रुख्मिणी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात ते अकोल्याला गेले. स्टेशनाजवळ हातगाडीवर सीड्या विकणारा उजैर नावाचा माणूस होता, चाळिशीचा, एका पायानं लंगडत चालणारा. गाडीवर सिनेमे, कव्वाल्या, भजनं, आणि एका टोकाला 'अस्सल वऱ्हाडी झडत्या', खाली कुठल्यातरी गाण्याच्या पार्टीचं नाव. गयासभाईंनी लावायला सांगितली. पहिलाच आवाज बुवांचा निघाला. मागं गयासभाईंच्याच माइकची घरघर ऐकू येत होती. त्या वर्षी माइकची वायर सैल होती.

"कोनाच्या झडत्या हायेत या?"

"सबके हैं, चाचा," उजैर म्हणाला. "झडती कोनाची असते का? गाववाले बोलते, हम बेचते."

गयासभाईंनी मला नंतर सांगितलं, "ताई, माह्या खिशात त्या कंपनीवाल्याचं कार्ड होतं. एक फोन केला असता तं उजैरची गाडी उचलून नेली असती. मी फोन बाहेर काढलाबी. मंग खाली पाह्यलं. गाडीखाली पोत्यात त्याचं मशीन. माह्यासारखंच. मले येवढा राग आला, की फोन करू का त्याले झापड मारू, कायबी समजेना."

दोन्ही केलं नाही. त्यांनी समोरच्या दुकानातून स्केचपेन आणला आणि उजैरला म्हणाले, "लिव. पुंजारामबुवा, शेंदूरजनाघाट. सगळ्यावर." उजैरनं आधी वाद घातला, मग या म्हाताऱ्याला वेड लागलंय असं समजून दहापंधरा सीड्यांवर नाव लिहिलं. बाकीच्यांवर उद्या लिहितो म्हणाला. गयासभाई त्याचा फोननंबर घेऊन, आपला देऊन आले. "लिवणार नाई थो," ते मला म्हणाले. "माहीत हाये मले. तरीबी."

या अकोल्याच्या फेरीनं माझं काम मात्र अवघड केलं. कोर्टात मी सोपा मुद्दा तयार ठेवला होता. झडत्या म्हणजे लोकांच्या, पिढ्यानपिढ्यांच्या, त्यांचा मालक कुणी नाही. म्हणजे नकला काढल्या तर गुन्हा नाही. दोन मिनिटांचा युक्तिवाद. गयासभाईंना सांगितला तर ते चवताळले.

"नाई. असं बोलाचं नाई."

"अहो, यानं मशीन सुटेल!"

"हेच थो उजैर बोलला. कोनाच्याच नाई म्हणून. मी त्याले नाव लिवाले लावलं आन आता कोर्टात मीच म्हणू, कोनाच्याच नाई? जुन्या असतीन त्या लोकाईच्या. पण कोळशीची बुवाची हाये. बियाण्यावरची झडती बुवाची हाये. बुवाच्या हायेत, आन बुवानं मले देल्ल्या. असंच सांगा."

"मग बुवांनी दिल्या याला पुरावा काय? त्यांना बोलता येत नाही, कागद केलेला नाही."

"बुवाले आणतो."

मी कपाळावर हात मारला. हातातला सोपा मुद्दा सोडून लकवा झालेल्या माणसाला साक्षीला आणणारा अशील मला दुसरा भेटला नाही.

तारखेच्या दिवशी ऑटोतून बुवा आले. रुख्मिणीनं एका बाजूनं धरलेलं, गयासभाईंनी दुसऱ्या. खुर्चीत बसवलं. न्यायाधीश मध्यम वयाचे, अंगानं जाड, उन्हानं त्रासलेले. ते म्हणाले, सीडी वाजवून दाखवा. तेव्हा कळलं, कोर्टात सीडी वाजवायला काहीच नाही. मुद्देमालातलं मशीन नकला काढतं, वाजवत नाही. गयासभाईंनी मोबाइल काढला. त्यात झडत्या भरलेल्या होत्या. कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले.

"माझी हरकत आहे. ही पण नक्कलच आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वकीलसाहेब, मग मी ऐकू काय? वाजवा हो."

मोबाइलमधून पोळ्याचा गलबला आला. बैलांच्या घंटा आल्या. मग बुवांचा आवाज, भरदार. पानापानाले कोळशी. बुवा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. साहेब आला पाहाले, इथं त्यांचा डावा हात उचलला आणि मांडीवर पडला. थाप. त्यानंतर मोबाइलमधली थाप ऐकू आली आणि मग शेवटचा शब्द. पुढच्या झडतीला पुन्हा तसंच, हात आधी, आवाज मागाहून. पट्टेवाला हसायला लागला. बुवांचं तोंड वाकडं झालेलं होतं, पण तेही हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. रुख्मिणीनं ते पदरानं पुसलं.

"या तुमच्या आहेत का?" न्यायाधीशांनी वाकून विचारलं. बुवांनी मान हलवली. "यांना काढायला दिल्या होत्या?" बुवांनी डावा हात गयासभाईंच्या मनगटावर ठेवला.

वकीलसाहेब म्हणाले, याला पुरावा म्हणता येणार नाही. न्यायाधीश म्हणाले, मलाही ते ठाऊक आहे, अंतिम सुनावणीत बघू. पण मशीन अडकवून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. त्यांनी सुपुर्दनाम्यावर सोडायचा हुकूम दिला.

आम्ही तो हुकूम घेऊन ठाण्यात गेलो. डबे हलवून मशीन बाहेर काढलं. गयासभाईंनी झाकण उघडलं, आणि आतून उंदराचं घरटं निघालं. वायरी कुरतडलेल्या, पट्टे खाल्लेले, भिंगावर लेंड्या.

"बंदुकीले तुमी तेल लावून ठेवता," गयासभाई हळू आवाजात म्हणाले. मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले नाहीत. मशीन पोत्यात गुंडाळून छातीशी धरून चालत निघाले. मला त्यांचा ओरडा परवडला असता.

खूप खटपटीनंतर सातांतले दोन खण चालू झाले. तोवर त्याची फारशी गरजही राहिली नव्हती. गावातली पोरं एकमेकांच्या मोबाइलमध्ये झडत्या टाकून घेत होती, आणि त्यावर स्केचपेन चालत नव्हता. म्हणून गयासभाईंनी प्रत्येक झडतीच्या आधी स्वतःच्या आवाजात बुवांचं आणि गावाचं नाव घातलं. रुख्मिणीनं ते ऐकून पसंत केलं. आवाज खेकसल्यासारखा येतो, असंही म्हणाली. कंपनीनं पुढं तारखांना येणं सोडलं, साक्षीदारच उरला नाही आणि खटला निकाली निघाला. दिल्लीचा मसुदा दोनेक वर्षांनी कायदा झाला. तो मी वाचला. लोक बोलत होते त्यातलं बरंच त्यात नव्हतं. तसं मी गयासभाईंना सांगितलं, तर म्हणाले, "मंग आमी इतके दिवस कायले भेलो?"

एका सकाळी ते माझ्या घरी आले. बगलेत कागदांची पिशवी, चेहऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त वैताग.

"अकोल्याच्या उजैरचा फोन आल्ता. छापा पडला. सिनेमे सापडले त्याच्याजवळ, पक्के. जामीन राहाले कोणी नाई म्हणते. मले म्हणते, चाचा, तुमाले कोर्टाची माहिती हाये."

"मग?"

"मंग काय! ज्यानं आमच्या बुवाचा आवाज भलत्याच्या नावानं इकला, त्याचा जामीन मी राहू? सात-बारा घेऊन अकोल्याले जाऊ? इफ्फत म्हणते, आपका दिमाग खराब हुआ है. बराबर म्हणते. पक्का चोर हाये थो, ताई. नाव लिवतो म्हणला, लिवलंबी नसन!"

"मग नका जाऊ."

त्यांनी पिशवी उघडली. आत सात-बारा होता, रेशनकार्ड होतं, आणि माझ्याच हातचा सुपुर्दनाम्याच्या अर्जाचा नमुना होता.

"अर्ज आजच टाकाले लागते ना?" त्यांनी विचारलं. "त्याचं मशीनबी नेलं हाये. मालखान्यात उंदीर असतेत. तुमी चाल्ता का, का मी एकलाच जाऊ? अकोल्याची बस भरते लवकर."

मी काळा कोट घेतला. बसस्टँडपर्यंत ते उजैरला शिव्या देत होते.